चौदा नंबरचं पान

मॅनेजरसाहेबांनी पत्र हातात दिलं आणि मी ते उभ्यानेच वाचलं. कंडक्टरला बसून वाचायची सवय नसते. चौदा नंबरच्या गाडीला फेरीमागे सरासरी नऊच प्रवासी मिळतात, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सोमवार ते शनिवार, ही सरासरी वीसवर गेली नाही तर मार्ग कायमचा बंद.

"आणि माझं काय?" मी विचारलं.

"तुमची बदली चौकशीच्या खिडकीत," साहेब म्हणाले. "डोक्यावर पंखा, खाली खुर्ची. एकोणीस वर्षं उभ्याने काढलीत, आता जरा आराम करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा नंबर ही माझी गाडी. खालच्या स्टँडवरून निघायचं, बेकरी, पूल, शाळा, वजनकाटा, आणि मग चढ चढून वरची वस्ती. वर दगडाची खाण आहे, खाणीत राबणाऱ्यांची घरं आहेत, एक दवाखाना आहे, आणि तिथे जाणारी दुसरी गाडी नाही. चौदा बंद झाली तर त्या लोकांनी सहा किलोमीटर पायपीट करायची, नाहीतर खाणीच्या ट्रकला लटकत यायचं. लटकायला त्यांनी सुरुवात केलीच होती. आणि मी काय करायचं, तर पंख्याखाली बसून त्यांना सांगायचं की गाडी नाही.

"साहेब, प्रवासी आहेत हो. त्यांना गाडीची वेळच कळत नाही."

"का? वेबसाइट आहे की," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. म्हणजे आता तुम्ही निघा.

वेबसाइटची गोष्ट सांगायला हवी. खाणीत सुरुंग लावतात तेव्हा रस्ता बंद ठेवतात, आणि सुरुंग कधी लागणार हे आदल्या संध्याकाळी ठरतं. म्हणजे चौदाच्या वेळा आठवड्यातून चारदा बदलतात. पूर्वी थांब्यांवर पत्र्याच्या पाट्या होत्या, त्या बिचाऱ्या कायम खोट्या पडायच्या. आठ महिन्यांपूर्वी पाट्या काढल्या आणि वेळापत्रक वेबसाइटवर टाकायचं ठरलं. कल्पना झकास होती, मी ती कुणापुढेही कबूल करीन. पण पाट्या होत्या तेव्हा फेरीमागे बावीस-तेवीस माणसं असायची, आणि वेबसाइट आल्यावर नऊ झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीला मी माझ्या फोनवर ती उघडायला घेतली. आम्हा कंडक्टर लोकांचं घड्याळ म्हणजे थांबे. चहा किती वेळात होतो असं विचारलंत तर मी सांगेन, पुलापासून शाळेपर्यंत. तर बेकरीला बोट लावलं. पान पांढरंफटक. पुलाला आमच्या गाडीचं अर्धं टप दिसलं, कारण कोणा हौशी माणसाने गाडी धुतानाचा व्हिडिओ लावला होता आणि तो हळूहळू येत होता. शाळेला गाडीवर पाण्याचा फवारा उडाला. वजनकाट्याला एक कागद वरून खाली उलगडायला लागला. बघते तर आठ महिन्यांपूर्वीचं वेळापत्रक, शिक्क्यासकट. मग चढ लागला, नेटवर्क गेलं आणि पान परत पांढरं झालं.

"बघितलंत?" मी ड्रायव्हरला म्हटलं. आमच्या ड्रायव्हरला सगळे मौनीबाबा म्हणतात. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गिअर बदलला. एवढं त्यांच्या हिशेबाने भाषणच झालं.

वेळापत्रक काढायचं काम टाइमकीपरांचं. आमच्या टाइमकीपरांना अख्खा डेपो शिक्केसाहेब म्हणतो, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात वावगं वाटत नाही. बावीस वर्षांपूर्वी कोणीतरी टवाळाने स्टँडवर खोटं वेळापत्रक चिकटवलं होतं. साठ माणसं दोन तास ताटकळली आणि ठपका आला ह्यांच्यावर. तेव्हापासून ज्यावर शिक्का नाही तो कागद त्यांच्या लेखी कागदच नाही. माणूस सरळ, हात स्वच्छ, पण हट्टाला तोड नाही. एका म्हाताऱ्यासाठी मी गाडी दोन मिनिटं थांबवली होती, तर त्यांनी माझा लेखी खुलासा मागितला होता.

"साहेब, तुमचं पान उघडत नाही," मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहून म्हटलं.

"कोण म्हणतं?" त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर टिचकी मारली. पान लगेच उघडलं. व्हिडिओ, कागद, शिक्के, सगळं हजर. "तुमचा फोन जुना आहे, बाई."

माझं तोंड एवढंसं झालं. खोलीत दोन क्लार्क होते, ते फाइलीत डोकं घालून हसत होते. अशा वेळी मला सुचतं ते नेमकं जिना उतरल्यावर. त्या दिवशी जिना उतरल्यावरसुद्धा काही सुचलं नाही.

म्हणून मी वन्संकडे गेले. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "हिचा आवाज घरात वापरायचा नाही, गाडीतच ठेवायचा." तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा. पण चपला शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून त्या शिंप्यांच्या, दातांच्या डॉक्टरांच्या, गाद्या भरणाऱ्यांच्या वेबसाइट बनवतात आणि त्यावर त्यांचं उत्तम चालतं, हे मला माहीत होतं. अडलेल्या माणसाने मान कसली ठेवायची? गेले.

खोलीत जुनं शिलाई मशीनचं टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि टेबलाच्या कोपऱ्यात चरे पडलेला एक मोडका फोन. मी सगळं सांगितलं. त्यांनी तो मोडका फोन उचलला.

"हे आमचे सासरेबुवा," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यात जुने, सगळ्यात मंद, आणि पटकन चिडतात. हे खूश झाले तर जग खूश. मी प्रत्येक पान आधी ह्यांना दाखवते."

सासरेबुवांवर त्यांनी आमचं पान लावलं आणि आम्ही दोघी चहा प्यायलो. चहा संपला. कप विसळून झाले. सासरेबुवा अजून गाडी धूत होते.

"पण त्यांच्या ऑफिसात पटकन उघडतं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तो कॉम्प्युटर दिवसातून पन्नासदा तेच पान उघडतो, अगं. त्याने सगळं स्वतःकडे साठवून ठेवलंय. वस्तीवरच्या बाईचा फोन कोरा येतो, त्याला पहिल्यापासून सगळं उचलावं लागतं." मग त्यांनी मोठ्या स्क्रीनवर काहीतरी उघडलं, वाचत खाली खाली गेल्या, आणि चक्क कपाळाला हात लावला. "हे पान नाही गं. हे तर तुमच्या डेपोचं दप्तर आहे."

भानगड अशी होती. वेळापत्रक बदललं की शिक्केसाहेब नवा कागद काढायचे, सही करायचे, शिक्का मारायचे आणि तो कागद स्कॅन करून पानावर चढवायचे. स्कॅन कसा, तर मशीनवर असेल तेवढ्या मोठ्यातला मोठा, कारण शिक्क्याच्या कडेची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि जुना कागद काढायचा नाही, कारण दप्तर नष्ट करणं हा गुन्हा. असे एकशे चाळीस कागद एकाखाली एक जमले होते. सगळ्यात जुना वर आणि आजचा सगळ्यात खाली. आजची वेळ बघायला माणसाने आठ महिने खाली उतरायचं.

"आणि हे ठेवलंय कुठे बघ," वन्सं म्हणाल्या. "साता समुद्रापार कुठल्यातरी सर्व्हरवर. त्या एका डब्यात हजारभर लोकांच्या वेबसाइट कोंबल्यात. तुझ्या वस्तीवरून प्रत्येक कागदासाठी वेगळी मागणी तिकडे जाते, रांगेत उभी राहते आणि परत येते. एकशे चाळीस वेळा. ही जागा घेतली कोणी?"

मी चौकशी केली. डेपोची कॅलेंडरं छापणाऱ्याने ती जागा कॅलेंडरांबरोबर फुकट दिली होती.

"म्हणजे एकेका प्रवाशासाठी वेगळी गाडी सोडायची, तीही पार समुद्रापलीकडून," मी म्हटलं.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळतं की," त्या म्हणाल्या. अठरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी ते तसंच पदरात घेतलं.

उपाय त्यांच्याकडे तयार होता. कागदाचं चित्र नको, साधी अक्षरं. आजच्या वेळा सगळ्यात वर, मोठ्या आकड्यांत. गाडी धुणं पानावरून हद्दपार. आणि जवळच्या शहरातल्या चांगल्या सर्व्हरवर जागा. पण शिक्का नाही म्हटल्यावर शिक्केसाहेब ऐकणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

"मग त्यांना गाडीने फिरव," वन्सं म्हणाल्या.

मी शिक्केसाहेबांना सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब, एकदा प्रवासी म्हणून वस्तीवर या. तुमच्या फोनवर तुमचं वेळापत्रक बघा आणि त्या वेळेला गाडी पकडून दाखवा. पकडलीत तर मी खिडकीत बसायला तयार आहे, हूं की चूं करणार नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या सुट्टीच्या दिवशी येतो. त्या दिवशीचा कागद दुसऱ्या पाळीचे टाइमकीपर काढतील. मी तो आधी बघणार नाही." बघा, असा माणूस. हट्टी असेल, पण लबाडी करणार नाही.

ठरल्याप्रमाणे ते सकाळच्या गाडीने वर आले, तिकीट काढून. वस्तीच्या थांब्यावर सावली नाही, त्यामुळे लोक दवाखान्याच्या पडवीत थांबतात. तिथून थांबा तीन मिनिटांवर. शिक्केसाहेब पडवीत जाऊन बसले. त्या दिवशी सुरुंगामुळे गाडी नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी, अकरा दहाला सुटायची होती.

अकरा नऊ झाले. पडवीतून कोणी येईना. मला, खरं सांगते, कसंनुसं झालं. वयाने मोठा माणूस, उन्हातान्हाचा आलेला. मौनीबाबांनी आरशातून विचारल्यासारखं बघितलं. पण गाडी वेळेवर हलवायची, कुणासाठी थांबवायची नाही, हा नियम मला कोणी शिकवला होता? अकरा दहाला मी डबल बेल दिली. वळणावर मागे बघितलं तर शिक्केसाहेब पडवीतून बाहेर येत होते, एका हाताने फोन आभाळाकडे धरून, निवांत चालत. पुढची गाडी दीड तासाने होती.

दीड तासाने आम्ही परत वर पोचलो तेव्हा ते थांब्याजवळच्या दगडावर बसले होते. चढले. तिकीट काढलं. वजनकाटा गेला, शाळा गेली. माझ्या जिभेवर दहा टोमणे तयार होते, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळले.

पुलाला ते म्हणाले, "माझ्याबरोबर आणखी चौघांची गाडी चुकली."

"रोज चुकते, साहेब."

"दवाखान्यातल्या सिस्टरची चुकली. एका बाळंतिणीच्या आईची चुकली. मी म्हटलं, तुम्ही तक्रार का करत नाही? तर त्या हसल्या. म्हणाल्या, सवय झाली." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

बेकरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या नणंदबाई कुठे राहतात?"

वन्संच्या शिलाईच्या टेबलाशी शिक्केसाहेब पाठ ताठ ठेवून बसले आणि दोघांची जुंपली. वन्सं म्हणाल्या अक्षरं. साहेब म्हणाले, अक्षरं काय कोणीही लिहील. वन्सं म्हणाल्या, हे पान तुमच्या परवलीच्या शब्दाशिवाय कोणाला बदलताच येणार नाही, तोच तुमचा शिक्का. साहेब म्हणाले, पण तो लोकांना दिसत नाही. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "लोकांना शिक्का बघून विश्वास बसतो होय? कोणी तपासलं आणि कधी तपासलं ते लिहा की खाली. माणसाचा शब्द दिसला म्हणजे झालं."

मग शिक्केसाहेबांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं: 'तपासले: टाइमकीपर', पुढे तारीख आणि वेळ. ते पानाच्या तळाशी गेलं. शिक्क्याचे सगळे कागद एका वेगळ्या पानावर, ज्याला बघायचे त्याने लिंक दाबून बघावेत.

दोन संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. मी वेळा घडाघडा म्हणत गेले, वन्सं टाइप करत गेल्या आणि साहेब कागदावर बोट ठेवून ताडून बघत गेले. माझ्या पाठांतरातून त्यांच्या कागदातल्या तीन चुका निघाल्या. त्यांनी त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवाज चांगला खणखणीत आहे तुमचा." वन्सं खाली मान घालून टाइप करत राहिल्या. त्यांचा खालचा ओठ दाताखाली होता, एवढं मी बघितलं.

अक्षरांची वळणं, म्हणजे फॉन्ट, बाहेरून मागवायची नाहीत, फोनमध्ये असतील तीच वापरायची. एकदा पान उघडलं की ते फोनमध्ये राहील, म्हणजे चढावर नेटवर्क गेलं तरी शेवटच्या तपासलेल्या वेळा दिसतील. वन्संनी हे सगळं केलं आणि सासरेबुवांना दाखवलं. मी बोट लावलं, आणि बोट उचलेपर्यंत पान समोर. मला वाटलं चुकून दुसरंच काही उघडलं. मी पाचदा उघडून बघितलं. पाचही वेळा तेच, पुढची गाडी किती वाजता, मोठ्या आकड्यांत.

"सासरेबुवा हसले," वन्सं म्हणाल्या.

राहिले मॅनेजरसाहेब. नव्या सर्व्हरच्या अर्जावर त्यांची सही हवी होती. गाडी धुण्याचा व्हिडिओ त्यांनीच काढला होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. "तीन दिवस लागले होते मला," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. आणि फुकटातली जागा सोडायची कशाला, हेही होतंच. शिक्केसाहेब पुढे झाले, शांतपणे अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाले, "मी शिफारस केली आहे." बावीस वर्षांत त्यांनी कुणाची शिफारस केल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं. साहेबांनी सही केली. व्हिडिओला स्वतंत्र पान मिळालं.

रविवारी पान नव्या जागी हललं. सोमवारपासून मोजणी. सहा दिवस, रोज बारा फेऱ्या, म्हणजे आठवड्यात एक हजार चारशे चाळीस माणसं हवीत. मी शनिवार-रविवार चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, सोमवारी पान उघडून बघा, नाही उघडलं तर माझं नाव बदला.

सोमवारी सकाळी वस्तीवरची सिस्टर म्हणाली, "नावं सुचवू का?"

तिच्या फोनवर तेच पांढरं पान होतं, तीच गाडी, तोच फवारा. दुसऱ्या एका फोनवर मात्र नवं पान टक्क उघडत होतं. चढ उतरून वजनकाट्याला नेटवर्क आलं तसा मी वन्संना फोन लावला आणि गाडीतला आवाज वापरला. अठरा वर्षांचा सगळा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घर बदललं की सगळ्यांच्या वहीतला पत्ता एका दिवसात बदलतो का? काही फोन अजून जुन्या पत्त्यावर जातायत. उद्यापर्यंत सगळे सुधारतील. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

वन्संच्या तोंडून 'चुकलं माझं'. मी गाडीच्या खांबाला धरून उभी राहिले.

सोमवारी दिवसभरात एकशे अठरा झाले, म्हणजे फेरीमागे दहासुद्धा नाहीत. मॅनेजरसाहेब आकडा बघून म्हणाले, "खिडकीला नवीन खुर्ची मागवली आहे." मी दात ओठ खात घरी गेले. जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं तर ह्यांच्यावर खेकसले, आणि मग त्याचंही वाईट वाटलं.

मंगळवारी एकशे एकाहत्तर. बुधवारी काहीतरी वेगळं दिसायला लागलं. गाडी वस्तीवर पोचायची आणि त्याच मिनिटाला घरांची दारं उघडायची. माणसं हात पुसत, कुलूप लावत, सावकाश चालत थांब्याकडे यायची. कोणाची धावपळ नाही. खाणीतले लोक पाळी संपवून हातपाय धुऊन येत होते, कारण त्यांना माहीत होतं की अकरा मिनिटं हातात आहेत. बुधवार दोनशे छत्तीस. गुरुवारी एक ट्रक आमच्या शेजारून गेला, त्याला मागे एकही माणूस लटकलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी ट्रकवाल्याला हात केला. गुरुवार दोनशे अडुसष्ट, शुक्रवार दोनशे नव्वद.

तरी सोमवारचा खड्डा होताच. शनिवारी तीनशे सत्तावन्न हवे होते, म्हणजे फेरीमागे जवळपास तीस, आणि गाडीत सीटच बत्तीस. शिक्केसाहेबांनी हिशेब करून मला दिला आणि पाणी प्यायले. पण शनिवारी खाण दुपारी सुटते आणि वस्ती बाजाराला उतरते. सकाळपासून गाडी भरून वाहत होती. अकराव्या फेरीअखेर तीनशे एकतीस झाले. शेवटची फेरी संध्याकाळी सहा दहाची, खालून वर. सव्वीस माणसं हवी होती.

त्या फेरीला मॅनेजरसाहेब स्वतः आले. माझ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. सहाला पाच कमी असताना स्टँडच्या दारातून आत आले आणि थबकले. चौदा नंबरच्या फलकाखाली पिशव्या, भाजीच्या पाट्या, कडेवरची पोरं घेऊन साठएक माणसं उभी होती.

मी दार उघडलं. दहा, वीस, सव्विसावी सिस्टर होती. तिच्या तिकिटाचा कागद मी जरा जपूनच फाडला. एकतीस, बत्तीस, सीट संपल्या. मग उभे दहा. बेचाळीसला गाडी शिगोशीग. साहेब आत शिरले होते, पण बसायला जागा कुठली? एका पाटीला टेकून उभे राहिले. तीनशे त्र्याहत्तर. आठवड्याचे चौदाशे छप्पन्न.

"साहेब, मोजून घ्या," मी म्हटलं. "आणि तिकीट काढा."

त्यांनी गाडीभर नजर फिरवली. मग खिशातून पाकीट काढलं. "चौदा चालू राहील," ते म्हणाले. गाडीतले सगळे ऐकत होते, हे बघून परत जरा मोठ्याने म्हणाले, "चालू राहील."

खाली अजून वीस माणसं राहिली होती. एक म्हातारा पायरीवर पाय ठेवून म्हणाला, "मला तरी घ्या, बाई."

आणि मी म्हटलं, "जागा नाही हो, बाबा. मागून येईल." एकोणीस वर्षांत हे वाक्य मी हजारदा वैतागून म्हटलं असेल. त्या दिवशी ते मी हसत म्हटलं. आणि मग लक्षात आलं की मागून काहीच येणार नाही, ही शेवटची फेरी आहे.

मी मॅनेजरसाहेबांकडे वळले. काही बोलले नाही, नुसती बघत राहिले. हा गुण मी मौनीबाबांकडून उचलला. साहेबांनी फोन काढून टाइमकीपरांना लावला. डेपोत एक गाडी मोकळी होती. पलीकडून शिक्केसाहेब एवढंच म्हणाले, "सहा पस्तीस. आत्ता पानावर चढवतो."

सहा दहा झाले. मी डबल बेल दिली. गाडी हलली तशी मी मागच्या काचेतून बघत राहिले, कारण एवढी माणसं अशी टाकून जायची म्हणजे मागून आरडाओरडा होणार, गाडीच्या पत्र्यावर थापा पडणार, हे ठरलेलं. म्हाताऱ्याशेजारच्या एका पोरीने फोन बघितला आणि त्याच्यासमोर धरला. मग दुसऱ्याने बघितला, तिसऱ्याने. बघता बघता वीसच्या वीस माणसांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि ती बाकांवर बसून गप्पा मारायला लागली.